डेटाबेस वाढवताय? आधी संदर्भ देणारे कॉलम शोधा

बॅकअप आहे का, हे विचारत नाही. तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहिलाय का, एवढंच सांगा. पुढे.

मोठं मशीन घेण्याआधी पोस्टग्रेस या डेटाबेसचं पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स (कोणती क्वेरी किती वेळा धावली, किती वेळ खाल्ला, याची नोंद ठेवणारं) चालू करा आणि एकूण वेळेनुसार क्वेऱ्या लावून बघा. चार सेकंद खाणारी क्वेरी लगेच डोळ्यांत भरते. दोन मिलिसेकंदांची, पण दिवसभर लाखो वेळा धावणारी लपून राहते आणि जीव तीच घेते. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टाकाल तो 'कॉन्करंटली' या पर्यायानेच, नाहीतर तो बनेपर्यंत टेबलात काही लिहिता येत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते: संदर्भ देणारे कॉलम, म्हणजे दुसऱ्या टेबलाचा आयडी साठवणारे. आयडीचा प्रकार बघा. चार बाइटचा इंटिजर २,१४,७४,८३,६४७ वर संपतो. 'एवढ्या ओळी आपल्याकडे कुठे होणार' असं मीही म्हणायचो. ओळी मोजूच नका, सीक्वेन्स, म्हणजे पुढचा आयडी देणारा मोजक, बघा. रोलबॅक होऊन रद्द झालेले इन्सर्टही त्यातला आकडा खातात.

आम्हाला हे वेळेत सुचलं होतं, हीच तर गंमत. ऑर्डरच्या टेबलाचा आयडी बिगइंट (आठ बाइटचा) केला आणि निर्धास्त झालो. पेमेंटच्या टेबलातला ऑर्डर-आयडी मात्र इंटिजरच राहिला. पोस्टग्रेस चकार शब्द बोललं नाही, कारण इंटिजर कॉलमची फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारा नियम) बिगइंटकडे खुशाल जाऊ शकते. काही महिने सुरळीत गेले. मग एका रात्री ऑर्डरी पडत होत्या, पेमेंट एकही नाही: 'इंटिजर आउट ऑफ रेंज'. कॉलमचा प्रकार जागच्या जागी बदलायचा तर अख्खं टेबल पुन्हा लिहिलं जातं, आणि तोवर साधं वाचनही बंद. शेवटी ऑर्डरचा सीक्वेन्स उणे आकड्यांत वळवून (ते इंटिजरमध्ये मावतात) रात्र काढली. आयडीनुसार लावलेले सगळे रिपोर्ट उलटेपालटे झाले, ते वेगळंच.

म्हणून संदर्भ देणारे कॉलम शोधा. फॉरेन की असलेले कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदींत, सापडतात. फॉरेन की नसलेले, म्हणजे ऑडिटची टेबलं, रिपोर्टसाठी काढलेल्या नकला, हे नावावरून हातानेच शोधावे लागतात. फंक्शनचे पॅरामीटर बघा, ॲपमधले ३२ बिटी प्रकार बघा. सिरियल (आकडा आपोआप घेणारा) कॉलम असेल तर सीक्वेन्स वेगळा बदला. पोस्टग्रेस १० पासून तोही इंटिजरच असतो आणि कॉलमबरोबर आपोआप बदलत नाही. झालं सगळं? संदर्भ देणारे कॉलम पुन्हा एकदा शोधा.

बदलायची रीत: नवा बिगइंट कॉलम, नव्या नोंदींसाठी ट्रिगर (नोंद होताच आपोआप धावणारा कोड), जुन्या नोंदी काही हजारांच्या तुकड्यांनी, शेवटी नावांची अदलाबदल. त्याआधी लॉक टाइमआउट (लॉकसाठी किती थांबायचं याची मर्यादा) लावाच. टेबल बदलणारा ऑल्टर एखाद्या लांबलेल्या क्वेरीमागे अडकला की त्याच्यामागे साधे सिलेक्टही तुंबतात.

कनेक्शन. ॲपची १२ मशीन, प्रत्येकी २० कनेक्शनचा पूल, म्हणजे २४०. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००. ती वाढवत सुटू नका, प्रत्येक कनेक्शनमागे एक वेगळी प्रोसेस उभी राहते. मध्ये थोडी कनेक्शन सगळ्यांत वाटून देणारा पीजीबाउन्सर ठेवा.

रेप्लिकाने, म्हणजे मूळ डेटाबेसमागून येणाऱ्या नकलेने, वाचनाचा भार हलका होतो, लिखाणाचा नाही. नुकतंच लिहिलेलं लगेच दाखवायचं असेल तर प्रायमरीवरूनच, म्हणजे मूळ डेटाबेसवरूनच वाचा.

मेलेल्या ओळी आपोआप साफ करणाऱ्या ऑटोव्हॅक्यूमचा २० टक्क्यांचा उंबरठा मोठ्या टेबलाला फार, खाली आणा.

पार्टिशन, म्हणजे टेबलाचे तुकडे करणं, जुना डेटा झटकन टाकून देण्यासाठी उत्तम. पण पार्टिशनचा कॉलम प्रायमरी कीमध्ये घ्यावाच लागतो, मग फॉरेन कीसाठी तो इतर टेबलांतही हवा. म्हणजे पुन्हा तेच, संदर्भ देणारे कॉलम.

शार्डिंग, म्हणजे डेटा अनेक मशीनवर वाटणं, लिखाण एका मशीनला खरंच झेपेनासं झाल्यावर.

आणि हो, टेस्ट डेटाबेसमधला सीक्वेन्स ३०० कोटींवर न्या, एक ऑर्डर टाका, तिचं पेमेंटही टाका. पाच मिनिटं लागतात.