परिसर समितीची तक्रार मार्गी कशी लावायची: पोलीस, रहदारी आणि रस्त्याची निगा

"आमच्या रस्त्यावर गाड्या फार जोरात जातात, काहीतरी करा." परिसर समितीच्या जवळपास प्रत्येक बैठकीत हे वाक्य येतं, इतिवृत्तात उतरतं, पत्रातून पुढे जातं आणि तिथेच पडून राहतं. ते वाचणाऱ्या अभियंत्याला किंवा पोलीस अधिकाऱ्याला त्यात हात घालण्याजोगं काही सापडत नाही. आता हेच असं लिहून पाहा: "शाळेच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंतच्या सरळ भागात मंगळवारी दुपारी 2 ते 4 या वेळेत 100 गाड्या मोजल्या. त्यातल्या 15 गाड्यांचा वेग ताशी 47 किलोमीटरपेक्षा जास्त होता. इथली मर्यादा 30 आहे." हे पत्र बाजूला सारणं अवघड जातं. समितीला दंड करता येत नाही, रस्ता खणता येत नाही. तिच्याकडे रोज तिथे वावरणाऱ्या माणसांची नजर असते, आणि त्या नजरेला जागा, वेळ आणि मोजमाप जोडलं तरच ती समोरच्या कार्यालयाच्या उपयोगी पडते.

आधी मालकी शोधा

पहिल्याच महिन्यात परिसराचा मोठा नकाशा छापून घ्या आणि प्रत्येक रस्ता, पदपथ, नाला, मोकळा भूखंड आणि दिव्यांची रांग कोणाच्या ताब्यात आहे ते त्यावर रंगवा. एकाच रस्त्याचा डांबरी भाग एका खात्याकडे, कडेची गटारं दुसऱ्याकडे आणि दिवे तिसऱ्याकडे असू शकतात. काही गल्ल्या खाजगी असतात आणि तिथे कोणतंच सरकारी खातं खड्डा बुजवायला येत नाही. चुकीच्या कार्यालयात दिलेलं निवेदन नाकारलं जातंच असं नाही, पण ते टेबलावरून टेबलावर फिरत राहतं आणि तुम्ही उत्तराची वाट पाहत बसता. नकाशावर चेंबरची झाकणं आणि दिव्यांच्या खांबांचे क्रमांकही टाका. हे दोन रविवार सकाळचं काम आहे, नंतर वर्षभर पुरतं.

पोलिसांशी बोलताना

पोलीस प्रतिनिधीचा विषय बैठकीच्या सुरुवातीला घ्या, 15 ते 20 मिनिटं द्या आणि नंतर त्यांना मोकळं करा. दोन तास कचराकुंड्यांची चर्चा ऐकावी लागली की पुढच्या बैठकीला कोणी येत नाही. प्रश्न आठवडाभर आधी लेखी पाठवा, म्हणजे अधिकारी माहिती घेऊन येतील. तपास चालू असलेल्या प्रकरणाबद्दल ते बोलू शकत नाहीत. त्यावर अडून बसू नका. इतिवृत्तात कोणाचं नाव, घर क्रमांक किंवा गाडीचा क्रमांक येता कामा नये. तो मजकूर गावभर वाचला जातो आणि आरोप सिद्ध झालेला नसतो.

आकडेवारी मागताना चालू महिन्याची तुलना आदल्या महिन्याशी नको, गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी मागा. सुट्ट्या, ऋतू, दिवसाची लांबी यांनी आकडे वरखाली होतात. शिवाय छोट्या आकड्यांना जपून हाताळा. चोऱ्या दोनवरून चारवर गेल्या तर "दुप्पट वाढ" हे गणितानं बरोबर असलं तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बारा महिन्यांची बेरीज घ्या.

सगळ्यात जास्त नुकसान एका सवयीनं होतं. बैठकीत दहा जण सांगतात की कोपऱ्यावर रात्री रोज धिंगाणा असतो, आणि पोलिसांच्या नोंदीत त्या कोपऱ्यावरची एकही तक्रार नसते, कारण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं फोन केला असेल. नोंद नसलेल्या जागी गस्त लावायला अधिकाऱ्याकडे आधार नसतो. म्हणून ज्याला त्रास झाला त्यानं, झाला त्याच वेळी, स्वतः कळवायचं आणि तक्रार क्रमांक समितीला द्यायचा. दहा सह्यांचं एक पत्र बहुधा एकच तक्रार म्हणून नोंदलं जातं. सहा आठवड्यांत वेगवेगळ्या दिवशी आलेल्या दहा नोंदींतून मात्र वार आणि वेळ दिसू लागते. कोणी जखमी आहे किंवा गुन्हा डोळ्यांसमोर घडतो आहे, तेव्हा समिती, गट, नोंदवही सगळं बाजूला ठेवून थेट आपत्कालीन क्रमांक लावा.

अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरातल्या पोलीस कॉलचा अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 3 टक्के पत्त्यांवरून निम्म्याहून थोडे अधिक कॉल आले होते. तुमच्या परिसरातही उपद्रव सगळीकडे सारखा पसरलेला नसणार. पोलिसांच्या कामाचे अमेरिकी अभ्यासक हर्मन गोल्डस्टाइन यांनी 1979 साली मांडलेला मुद्दा इथे कामाचा आहे: पोलीस घटना एकेक करून निपटतात, पण त्यांच्यामागची अडचण एकच असू शकते. "गस्त वाढवा" ही मागणी म्हणूनच सगळ्यात कमकुवत ठरते. त्या कोपऱ्यावर जाऊन उभं राहा आणि पाहा. दिवा बंद आहे का, कुंपण तुटल्यामुळे मागच्या भूखंडात जायला वाट झाली आहे का, बसायला कट्टा आणि वरून आडोसा दोन्ही मिळतं आहे का? अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहरात 541 ओसाड भूखंडांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नुसता कचरा उचलून, गवत लावून, बुटकं लाकडी कुंपण घातल्यावर गरीब वस्त्यांतला बंदुकीचा हिंसाचार सुमारे 29 टक्क्यांनी कमी झाला. निगेचं काम आणि पोलिसांचं काम वेगळं काढू नका, असं आम्ही आग्रहानं सांगतो ते यासाठीच.

एक गोष्ट कडकपणे पाळा. संदेशांच्या गटावर "संशयित" म्हणून कोणाचाही फोटो फिरवायचा नाही. "अनोळखी माणूस" हे वर्णन होत नाही. तो काय करत होता ते वर्णन. "11:40 वाजता तीन गाड्यांच्या दारांच्या कड्या ओढून पाहिल्या" एवढं पोलिसांना पुरतं आणि ते फक्त पोलिसांनाच कळवायचं. अफवेतून निरपराध माणसाचा जीव जाऊ शकतो.

वेग मोजणं

यासाठी यंत्र लागत नाही. मोजपट्टीनं रस्त्याच्या कडेनं अचूक 50 मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना खडूची ठळक खूण करा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेवर येताच घड्याळ चालू, दुसऱ्या खुणेवर बंद. 180 ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. 6 सेकंद म्हणजे 30, साडेचार सेकंद म्हणजे 40, आणि 3.6 सेकंद म्हणजे 50.

चुका बहुधा तीन ठिकाणी होतात. पहिली, एकच माणूस एका टोकाला उभा राहून दोन्ही खुणा पाहतो. दूरची खूण तिरकी दिसते आणि गाडी आधीच पोचल्यासारखी वाटते. दोन माणसं घ्या: पहिल्या खुणेवरचा माणूस चाक खुणेवर येताच वर केलेला हात खाली आणतो, दुसऱ्या खुणेवरचा माणूस घड्याळ सांभाळतो. दुसरी चूक बोटाच्या उशिराची. 4 सेकंदांच्या मोजणीत 0.2 सेकंदाचा फरक पडला तर 45 ऐवजी 43 किंवा 47 येतात. सरळ रस्ता आणि नजर पोचत असेल तर 100 मीटर घ्या आणि 360 ला भागा. चूक निम्म्यावर येते. तिसरी चूक सगळ्यात महाग पडते: गर्दीच्या वेळी मोजणं. रांगेतली गाडी पुढच्या गाडीच्या वेगानं चालते, तिच्या चालकाच्या मनाचा वेग त्यात दिसत नाही. पुढे किमान 5 सेकंदांची मोकळी जागा असलेलीच गाडी मोजा, कोरड्या दिवशी, कामाच्या वारी, गर्दी ओसरल्यावर. मुद्दाम जोरात जाणाऱ्याच गाड्या निवडू नका. या अटीत बसणारी प्रत्येक गाडी धरा.

चमकदार जाकिटं घालून रस्त्यालगत उभं राहिलात तर चालक आपोआप पाय उचलतात. फाटकाच्या आत किंवा कुंपणामागे थांबा; सुरक्षितही आणि मोजणीही खरी.

100 गाड्या झाल्या की वेग चढत्या क्रमानं लावा आणि 85 वा आकडा घ्या. वाहतूक अभियंते जगभर हाच आकडा वापरतात, कारण शंभरातल्या 85 गाड्या तेवढ्या किंवा त्याहून कमी वेगानं जातात. सरासरी देऊ नका, तिच्यात टोकाच्या गाड्या झाकल्या जातात. पोलिसांना या आकड्याबरोबर तासवार वाटणी द्या. "सकाळी 7:30 ते 8:30 या वेळेत मर्यादा मोडणाऱ्या गाड्या सगळ्यात जास्त" असं दिसलं तर एका तासासाठी पथक पाठवणं त्यांना जमतं. "दिवसभर कोणीतरी उभं करा" हे कोणत्याच ठाण्याला जमत नाही.

30 की 50 यावर बैठकीत वाद होतोच, तेव्हा हा हिशेब फळ्यावर मांडा. 15 मीटरवर मूल रस्त्यात आलं. चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी 30 ला त्या सेकंदात गाडी 8 मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी 5 मीटरांत थांबते. मुलाच्या दोन मीटर अलीकडे. ताशी 50 ला त्या एका सेकंदातच 14 मीटर संपतात. म्हणजे मुलाला धडक बसते तेव्हा गाडीचा वेग जवळपास 50 च असतो. पादचारी, सायकली आणि गाड्या एकत्र येतात तिथे 30 ची मर्यादा असावी, असं रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे ते अशाच हिशेबामुळे.

गतिरोधक मागण्याआधी

नुसत्या फलकानं वेग थोडाच उतरतो, म्हणून लोक लगेच गतिरोधक मागतात. त्याचा आकार महत्त्वाचा आहे. अरुंद, उंच उंचवटा हळू जाणाऱ्याची पाठ मोडतो आणि जोरात जाणाऱ्याचा धक्का गाडीच्या स्प्रिंगा गिळतात, म्हणजे शिक्षा नेमकी उलट्या माणसाला. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेनं 1970 च्या दशकात गोलाकार माथ्याचा, सुमारे 3.7 मीटर लांब आणि 10 सेंटिमीटर उंच असा आकार तयार केला. त्यावर वेग जितका जास्त तितका हादरा जास्त. निवेदनात हे माप लिहा. दोन गतिरोधकांत 100 मीटरहून जास्त अंतर पडलं तर मधल्या भागात गाड्या पुन्हा वेग घेतात. पाणी वाहून जायला कडेला फट ठेवावी लागते, पण ती रुंद झाली की सगळ्या दुचाक्या तिच्यातूनच, म्हणजे पदपथाला घासून जातात. रुग्णवाहिकेच्या नेहमीच्या वाटेवर गतिरोधक मागू नका, आणि ज्या घरासमोर तो होणार आहे त्या घराची लेखी संमती आधी घ्या. अवजड गाडी रात्री त्यावरून गेली की खिडक्या थरथरतात.

शेजारच्या समांतर गल्लीतल्या गाड्याही आधीच मोजून ठेवा. रहदारी तिकडे वळली तर पुरावा हाताशी असतो.

बऱ्याचदा स्वस्त उपाय पुरतो. चौकाच्या तोंडापासून 10 मीटरपर्यंत गाड्या लावायला बंदी केली की रस्ता ओलांडणारा आणि चालक एकमेकांना दिसतात. सिग्नलवर पादचाऱ्यांचा वेळ कमी वाटत असेल तर रस्त्याची रुंदी मोजा. यंत्रणा बहुधा सेकंदाला 1.2 मीटर चाल धरते. 12 मीटरला 10 सेकंद. काठी टेकत चालणारी व्यक्ती 0.8 मीटरनं चालते, तिला 15 लागतात. या पाच सेकंदांची मागणी करा, ती मान्य व्हायला खोदकाम लागत नाही.

निगेची पाहणी

दोन महिन्यांतून एकदा दिवसा आणि एकदा रात्री फेरी मारा. दिव्याची तक्रार खांबाच्या क्रमांकासह आणि लक्षणासह द्या. एकच दिवा बंद असेल तर दोष बहुधा त्या दिव्यात. सलग पूर्ण रांग अंधारात असेल तर पुरवठ्यात किंवा केबलमध्ये. दिवसा जळत असेल तर प्रकाश-संवेदकात किंवा टायमरमध्ये. प्रत्येकासाठी वेगळी माणसं आणि वेगळी गाडी येते, म्हणून लक्षण लिहिल्यानं एक फेरी वाचते. दिवा चालू असूनही खाली अंधार असेल तर वर पाहा: फांदी आड आलेली असते आणि ती तक्रार उद्यान खात्याची.

खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजा आणि फोटोत मोजपट्टी दिसू द्या. तोच खड्डा बुजवूनही दोन-तीन महिन्यांत उघडत असेल तर "खड्डा बुजवा" असं पुन्हा लिहू नका, पाणी कुठून येतं ते शोधा. पाऊस नसताना कडा ओल्या असतील तर खाली जलवाहिनी गळते आहे. पावसानंतर तासभर पाणी साचून राहत असेल तर गटाराचं तोंड तुंबलं आहे. डांबराखालचा थर भिजला की वरचा कोणताही पॅच टिकत नाही. बुजवताना समितीच्या सदस्यानं हजर राहून पाहावं: कडा सरळ उभ्या कापल्या का, धूळ झाडून जागा कोरडी केली का, तळाला आणि कडांना डांबराचा हात दिला का, थराथरानं दाबलं का. पाण्यात डांबर ओतून फावड्यानं थोपटलं असेल तर फोटो काढा आणि त्याच दिवशी पाठवा.

चेंबरचं झाकण उघडं असेल तर बैठकीची वाट पाहायची नाही. तिथे कोणीतरी उभं राहील, बाकीचे फोन करतील.

पाठपुरावा

प्रत्येक विषयाला क्रमांक द्या आणि वहीत सहा रकाने ठेवा: तारीख, जागा, कोणतं खातं, त्यांचा आवक क्रमांक, आपल्याकडून जबाबदार कोण, पुढची विचारणा कधी. एका पत्रात एकच विषय. तीन विषय लिहिले तर त्यातला सोपा निकाली निघतो आणि पत्रावर "कार्यवाही पूर्ण" असा शेरा बसतो. खात्यानं काम झाल्याचं कळवलं तरी वहीत लगेच काट मारू नका. दिवा असेल तर रात्री, गटार असेल तर पहिल्या पावसात, गतिरोधक असेल तर तीन महिन्यांनी त्याच दोन खुणांवर, त्याच वारी, त्याच वेळेला पुन्हा 100 गाड्या मोजून पाहा आणि नवा 85 वा आकडा जुन्याच्या शेजारी लिहून मगच विषय बंद करा.