आईच्या वाटीचे ग्रॅम

आमच्या घरची शंकरपाळी एका वाटीवर चालते. एक वाटी तूप, एक वाटी दूध, एक वाटी साखर आणि मावेल तेवढा मैदा. वाटी म्हणजे आईची, नाव कोरलेली स्टीलची. फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागले त्या पहिल्याच दिवाळीत माझा एक घाणा फसला. शंकरपाळी तेलात सोडली की विरघळायचीच. पहाटेच्या गारठ्यात तूप थिजलं होतं आणि मी ते चमच्याने दाबून शिगोशीग भरलं होतं. आई मोजायची ते पातळ केलेलं तूप, काठाला टेकेल एवढंच. नंतर दोन्ही वाट्या वजन करून पाहिल्या. आईची १५० ग्रॅम, माझी १८५. तेव्हापासून तूप मी काट्यावरच घेते. थिजलेलं असो की पातळ, वजन बदलत नाही.

तुम्हीही आधी आपली वाटी किती मिलीची आहे ते काढा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि पाणी भरा. पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं, तेव्हा खाली वाकून नजर काठाला आणून बघा. जितके ग्रॅम तितके मिली. आमची वाटी १६५ मिलीची निघाली. बाजारातला मेजरिंग कप २४० किंवा २५० मिलीचा असतो, म्हणून वाटीच्या जागी कप धरू नका.

मग मिलीला त्या त्या जिनसाच्या आकड्याने गुणायचं. दुधाला १.०३, म्हणजे आमच्या वाटीत १७० ग्रॅम. पाण्यात आणि दुधात फरक इतका थोडा की घरच्या घाण्याला तो सोडून दिला तरी चालतो. तेल-तुपाला मात्र ०.९१, आणि हा आकडा पाठही करायला नको. तेलाच्या लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं, तुपाच्या लिटरच्या डब्यावर ९०५. सहा वाट्यांची शंकरपाळी करायची तर तूप ९०० ग्रॅम, म्हणजे एक डबा जवळजवळ पूर्ण लागणार, हे यादी करतानाच कळतं.

सगळ्यात जास्त फसवतात मध आणि काकवी. दोन्हींना साधारण १.४ धरा. आमच्या एका वाटीत काकवी २३० ग्रॅमच्या आसपास बसते, आणि पाण्यासारखीच १६५ धरली तर गोडाला पदार्थ पार कमी पडतो. शिवाय ती वाटीला चिकटून राहते, ते वेगळंच. म्हणून मी वाटीत ओततच नाही. काकवीची बाटलीच काट्यावर ठेवते, शून्य करते आणि उचलून थेट परातीत धार सोडते. बाटली परत ठेवली की आकडा उणे दिसतो. उणे २३० झालं की थांबायचं.

दूध आटवायच्या कृतीत वजन कधी करायचं ते कृतीतच लिहून ठेवा, आटवण्याआधी की नंतर. आटलं की पाणी उडतं आणि हिशेब बदलतो. पाकाचं तर मिलीवरून वजन काढूच नका. एकतारी आणि दोनतारी पाक सारख्या वजनाचे नसतात. साखर आणि पाणी वेगवेगळं तोला.

पाच ग्रॅमच्या खालचं काही असेल तर चमचाच बरा, घरगुती काटा तिथे नीट दाखवत नाही. मोठा चमचा मात्र जपून. आपल्याकडे मिळणारा टेबलस्पून १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २० मिलीचा. माझी भाची मेलबर्नला असते. चकलीच्या भाजणीला पाच चमचे तेलाचं मोहन असं मी तिला सांगितलं असतं, तर तिने ६८ ग्रॅमच्या जागी ९१ ग्रॅम तेल घातलं असतं आणि चकल्या तेलात सुटल्या असत्या. तिच्या कागदावर मी सरळ लिहून पाठवलं: तेल ६८ ग्रॅम, कडकडीत तापवून.