सॅक पॅनिकवाला सर्व्हर मी कसा सावरला – माझा अनुभव

जून २०१९ ची गोष्ट, घाटकोपरला मेट्रोच्या लाइनीत उभा होतो तेव्हा टीममधल्या दादाचा फोन आला, लिनक्सच्या टीसीपी कोडमध्ये, म्हणजे नेटवर्कवर डेटा नेण्या-आणण्याच्या भागात, 'सॅक पॅनिक' नावाचं भोक सापडलंय, लांबूनच अख्खा सर्व्हर पाडता येतो, पासवर्ड वगैरे काही लागत नाही. अंधेरीला पोचलो आणि आधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कुठल्या व्हर्जनचा आहे ते बघितलं, २.६.२९ पासून पुढचे सगळे अडकलेले, म्हणजे आमचेही आलेच.

भानगड अशी की समोरच्याने एमएसएस (एका तुकड्यात जास्तीत जास्त किती बाइट जातील ती मर्यादा) मुद्दाम ४८ ठेवला की टीसीपीचे ऑप्शन्स जागा खाऊन एका तुकड्यात डेटा उरतो फक्त ८ बाइट, मग तुकडे इतके होतात की ते मोजणारा १६ बिटांचा आकडा ६५,५३५ च्या पुढे जाऊन उलटतो, सॅक (कुठले तुकडे पोचले ते सांगणारी पोच) आले की कर्नल पॅनिक, म्हणजे अख्खी सिस्टीम बंद. एवढासा आकडा, पण सगळं त्याच्यावर उभं!

रीबूट दिवसा शक्य नव्हतं म्हणून आधी टीसीपी सॅकची सेटिंग ० केली, म्हणजे सॅक बंदच. पण पॅकेट गळणाऱ्या लाइनवर स्पीड पडतो, ते मला पटेना, मग सॅक परत चालू करून आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) ५०० पर्यंतचा एमएसएस मागणारी कनेक्शनं ड्रॉप करायचा नियम टाकला आणि एमटीयू प्रोबिंग (पॅकेटचा साइज आपोआप चाचपून ठरवणं) बंद आहे ना तेही तपासलं, नाहीतर तो नियम पुरत नाही. रात्री एकेक मशीन काढून नवा कर्नल टाकला, यूनेम (चालू कर्नलचं व्हर्जन दाखवणारी कमांड) मारून खात्री केली, मगच नियम काढला.