शाळा पुन्हा भरणार : मुलाला पाठवायचं की नाही, कसं ठरवावं?

साथीमुळे बंद पडलेली प्राथमिक शाळा सुरू व्हायची वेळ आली की पालकांच्या हातात परिपत्रक येतं आणि त्याच्या तळाशी संमतिपत्र असतं. सही करण्यापूर्वी पुढच्या क्रमाने विचार करा.

१. आधी घराकडे बघा. घरात वयस्कर माणसं, गरोदर बाई, मधुमेहाचा किंवा कॅन्सरचे उपचार चालू असलेला कुणी आहे का? लसीकरण कुणाचं राहिलंय? मुलालाच दमा असेल तर आधी त्याच्या डॉक्टरांशी बोला. मग दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडा : घरी बसून मुलाचं काय हुकतंय? पहिली-दुसरीतलं मूल अक्षरं जोडून वाचायला, पेन्सिल नीट धरायला, आपला नंबर येईपर्यंत थांबायला शिकत असतं. यातलं फार थोडं पडद्यावरून शिकवता येतं. मूल जितकं लहान, तितकं बंद शाळेने त्याचं नुकसान जास्त, असं माझं ठाम मत आहे.

२. शाळा सुरू करण्याच्या आराखड्यात हवेबद्दल काय लिहिलंय ते शोधा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा सुरुवातीला सगळा भर बाकं पुसण्यावर आणि फवारणीवर होता. पुढे स्पष्ट झालं की हा विषाणू मुख्यतः श्वासातून बाहेर पडलेल्या, बंद खोलीत तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म कणांतून पसरतो. त्यामुळे दिवसातून तीनदा जंतुनाशक मारू म्हणणाऱ्या, पण खिडक्यांचं नावही न काढणाऱ्या आराखड्यावर मी विसंबणार नाही. शक्य असेल तर वर्ग प्रत्यक्ष बघून या. खिडक्या समोरासमोर आहेत का? खरंच उघडतात का? पावसात किंवा थंडीत काय करणार? नुसता एसी बहुतेक वेळा तीच हवा फिरवत राहतो. तिथे हेपा फिल्टरचं, म्हणजे हवेतले सूक्ष्म कण गाळणारं, यंत्र आहे का, ते विचारा. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र वर्गात ठेवता आलं तर उत्तमच. बाहेरच्या मोकळ्या हवेत त्याचा आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. भरलेल्या वर्गात तो ८०० च्या खाली राहिला तर हवा खेळती आहे. हजाराच्या बराच वर टिकून राहिला तर मुलं एकमेकांनी सोडलेली हवा घेताहेत.

३. मुलं किती जणांत मिसळणार ते विचारा. ठरावीक मुलांचा एकच गट, त्यांना त्याच बाई किंवा सर, ही पद्धत चांगली. पण गट वर्गात सांभाळला आणि स्कूलव्हॅनमध्ये सगळे कोंबले, तर काय उपयोग? डबा खाताना मास्क उतरतात आणि गप्पा रंगतात, म्हणून तेवढा वेळ तरी मुलं बाहेर बसावीत. मास्कबद्दल म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याची सक्ती नको असं सांगितलं होतं. सहा ते अकरा वयासाठी परिस्थिती पाहून ठरवायला सांगितलं होतं.

४. एखादं मूल आजारी पडलं तर काय, हे लेखी मागा. पालकांना कोण कळवणार, किती वेळात? बाकी गट घरी राहणार का, आणि तेव्हा अभ्यासाचं काय? हजेरीची सक्ती आहे का, हेही विचाराच. गैरहजेरीचा दंड किंवा पूर्ण हजेरीचं बक्षीस असेल तर कणकण असलेलं मूलही औषध देऊन पाठवलं जातं, आणि मग बाकी सगळ्या नियमांवर पाणी पडतं.

५. अभ्यासाचा वेग विचारा. पहिल्याच आठवड्यात परीक्षा आणि राहिलेला अभ्यासक्रम धावत संपवायचा बेत असेल, तर हरकत घ्या. मुलं कुठवर आली आहेत ते आधी बाईंना बघू द्या.

६. प्रश्न चार-पाच पालकांनी मिळून, लेखी पाठवा. एकट्याच्या फोनपेक्षा त्याला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

७. निर्णय घ्या आणि फेरविचाराची तारीखही ठरवा, साधारण दोन आठवड्यांनंतरची. तोवर मुलाला रोज विचारत राहा : आज खिडक्या उघड्या होत्या का? डबा कुठे खाल्ला? शेजारी कोण बसलं होतं? आराखडा किती पाळला जातोय, हे परिपत्रकापेक्षा या उत्तरांतून जास्त नीट कळेल.