तक्ता नंतर, आधी दंड चाचपा: सहावी ते आठवीला स्नायू आणि तंदुरुस्ती कशी शिकवावी

स्नायूंचा लालभडक तक्ता भिंतीला लावायचा, त्यातली पंचवीस नावं वहीत उतरवून घ्यायची आणि धडा संपला म्हणायचं, ही पद्धत सोडून द्या. केंद्रप्रमुख येतात त्या दिवशी तक्ता शोभून दिसतो, एवढंच. हाडांना जोडलेले सहाशेच्या वर स्नायू माणसाच्या अंगात आहेत; मुलांना दहा पुरे. पण ते दहा त्यांना डोळे मिटून स्वतःच्या अंगावर सापडले पाहिजेत, आणि कोणत्या कामाला कोणता टणक होतो ते सांगता आलं पाहिजे. शारीरिक शिक्षणाचे चार तास यासाठी लागतात. मैदान आखणं आणि पोरांना ओळीत उभं करणं तुम्हाला येतंच, त्यावर शब्द घालवत नाही.

एक चौकशी मात्र पहिल्या तासाआधी करायचीच. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूरकडे, सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच आहेत. वर्गात कोणाला सिकलसेल आहे का, हे पालकांना एकेकटं विचारा, वर्गात हात वर करायला लावू नका. अशा मुलाला वेळ लावून पळवायचं नाही. अतिश्रम, अंगातलं पाणी कमी होणं आणि कडाक्याची थंडी, तिन्हींनी त्याची दुखणी उसळू शकतात. डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर बाकीचं सगळं तो करेल. पाणी मागेल तेव्हा द्यायचं, थांबतो म्हणाला की थांबू द्यायचं. चालताना धाप लागणारी, डोळ्यांच्या पापण्या आतून फिकट दिसणारी मुलंही आरोग्य तपासणीच्या पथकाला आवर्जून दाखवा. रक्त कमी होऊ नये म्हणून शाळेत देतात ती आठवड्याची लोहाची गोळी उपाशीपोटी देऊ नका. मळमळलं की पुढच्या आठवड्यात पोरं ती खिशात घालून घरी नेतात.

पहिला तास: नावं

दोन्ही नावं एकदमच द्या, घरातलं आणि पुस्तकातलं. दंडाच्या पुढची बेटकुळी म्हणजे बायसेप्स, पुस्तकात द्विशिरस्क. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स, त्रिशिरस्क. खांद्याचा डेल्टॉइड, छातीचा पेक्टोरल, पोटाचा, पाठीचा रुंद, कुल्ल्याचा ग्लूटियस, मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स, मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग आणि पोटरीचा. दोन मुळांचा द्विशिरस्क, तीन मुळांचा त्रिशिरस्क, मांडीच्या पुढच्याला चार मुळं, एवढं सांगितलं की पोरं ती अवघड नावं स्वतःहून उलगडतात. अंगातला सगळ्यात मोठा स्नायू कुल्ल्याचा. वर्ग हसणार, हसू द्या, तेच नाव सगळ्यांच्या लक्षात राहतं.

नियम एकच: प्रत्येकाने फक्त स्वतःचं अंग चाचपायचं. शेजाऱ्याचं नाही, आणि शिक्षकाने कोणाचंही नाही. दाखवायचं ते स्वतःच्या हातावर. छातीच्या स्नायूला हात लावायचीही गरज पडत नाही. छातीसमोर नमस्कार करून तळवे एकमेकांवर जोरात दाबले की आतून ताण कळतो.

दुसरा तास: जोडी, आणि इथेच सगळे अडकतात

स्नायू फक्त ओढतो, ढकलत कधीच नाही. म्हणून प्रत्येक सांध्याला किमान दोन बाजूंनी ओढणारे लागतात. हे वाक्य फळ्यावर लिहिणं सोपं आहे. पुढचं नेहमीचं वाक्य असं: ‘हात वर घेताना बायसेप्स काम करतो, हात खाली नेताना ट्रायसेप्स.’ मग पाण्याची भरलेली बाटली हातात देऊन तेच करून दाखवायला सांगतात, आणि धडा फसतो. पोरगं बाटली सावकाश खाली नेतं, दुसऱ्या हाताने दंडाची मागची बाजू दाबतं आणि म्हणतं, ‘सर, हे तं मऊच हाये.’ त्याचं बरोबर आहे. चूक तुमच्या वाक्यात आहे.

बाटली खाली न्यायला कोणत्याही स्नायूची गरज नाही, ती स्वतःच्या वजनानेच खाली जाते. ती धाडकन पडू नये म्हणून जो धरून ठेवतो तो बायसेप्सच. विहिरीत भरलेली बादली सोडताना दोर हातातून हळूहळू सोडावा लागतो, तसा तो लांब होत होत ताण देत राहतो. म्हणजे वर नेतानाही बायसेप्स, खाली आणतानाही बायसेप्स. बहुतेक सोप्या पुस्तकांत ही गोष्ट गाळलेली असते आणि शिक्षकही ती गाळतात, कारण वाक्य लांबतं. गाळू नका. हालचाल कोणत्या दिशेला झाली त्यावरून स्नायू ओळखायचा नाही, हात लावून टणक कोणता लागतो त्यावरून ओळखायचा.

मग ट्रायसेप्स दाखवायचा कसा? बाटली बाजूला ठेवा, बाक घ्या. कोपर काटकोनात, दंड बरगडीला चिकटलेला. तळवा बाकाच्या खालून लावून बाक वर उचलायचा प्रयत्न करायचा: पुढचा स्नायू दगडासारखा होतो, मागचा ढिला. आता तळवा बाकावर ठेवून खाली दाबायचं: मागचा टणक, पुढचा ढिला. बाक हलत नाही, हात हलत नाही, तरी स्नायू काम करतोय, हे बोटांना कळतं.

यात दोन चुका ठरलेल्या. पहिली, पोरं हात सरळ करून अंगाचं ओझं बाकावर टाकतात. कोपर सरळ झालं की हाडावर हाड उभं राहतं आणि ट्रायसेप्सला फारसं काम उरत नाही. ‘कोपर काटकोनात’ हे दर मिनिटाला बोलावं लागतं. दुसरी, बाक उचलताना तळवा पालथा ठेवतात. तळवा पालथा असला की बायसेप्सचा जोर कमी होतो आणि भार खालच्या दुसऱ्या स्नायूवर जातो, बेटकुळी नीट येत नाही. कारण बायसेप्सचं अर्धं काम तळवा उताणा करण्याचं आहे. उजव्या हाताने पेचकस धरून स्क्रू घट्ट पिळायची नक्कल करायला लावा, डाव्या हाताने दंड दाबून ठेवायला सांगा. प्रत्येक पिळाला बेटकुळी उडी मारते. हे पाहिल्यावर वर्ग पाच मिनिटं दुसरं काही ऐकत नाही, तेवढी पाच मिनिटं हिशेबात धरा.

हातपंपाचं उदाहरण सगळे देतात. दांडा खाली दाबताना ट्रायसेप्स लागतो हे खरं, पण पाठीचा रुंद स्नायू आणि अंगाचं वजनही लागतं. एकट्या ट्रायसेप्सचं म्हणून ते सांगू नका.

मॉडेल करायचंच असेल तर फुग्याचं करू नका. फुगा फुगतो म्हणजे आत हवा भरते. स्नायू आखडतो तेव्हा आखूड आणि जाड होतो, आत काही भरत नाही. सायकलच्या ट्यूबचंही नको, रबर दोन्हीकडून सतत ताणलेलं राहतं. सुतळी घ्या. सुतळीने ढकलताच येत नाही, हाच तर धडा. पॅकिंगच्या लाकडाच्या दोन पट्ट्या, एक नटबोल्ट, वायसर आणि दोन सुतळ्या पुरतात. दंडाची पट्टी ३० सेंटीमीटर, बोल्टचं भोक खालच्या टोकाला. हाताची पट्टी २७ सेंटीमीटर, पण तिचं भोक टोकाला पाडायचं नाही. टोकापासून ३ सेंटीमीटर सोडून पाडायचं, म्हणजे सांध्यामागे शेपटी उरते. कोपराला मागे जे टोकदार हाड लागतं ती ही शेपटी. पुढची सुतळी भोकापासून ४ सेंटीमीटर पुढे बांधा, मागची शेपटीच्या टोकाला, आणि दोन्ही दंडाच्या वरच्या टोकाला वाकवलेल्या खिळ्यांतून वर काढा. पुढची ओढली की हात दुमडतो, मागची ओढली की सरळ होतो. मॉडेल चालत नाही अशी तक्रार आली तर नव्वद टक्के वेळा शेपटीच ठेवलेली नसते, उरलेल्या वेळी बोल्ट फार आवळलेला असतो.

आठवीच्या वर्गात आणखी एक करा. पट्टीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे भोकापासून २४ सेंटीमीटरवर, एक किलोचं वजन टांगा आणि हात आडवा धरून पुढची सुतळी ओढायला द्या. बांधलंय ४ वर, वजन २४ वर, म्हणून सहा किलोच्या आसपास जोर लागतो. त्या बदल्यात सुतळी एक सेंटीमीटर सरकली की हात सहा सेंटीमीटर उचलला जातो. स्नायू सांध्याच्या इतक्या जवळ का जोडलेला असतो, याचं उत्तर त्यातच आलं.

पायाचं पटकन उरकतं. बसून टोंगळा, म्हणजे गुडघा, सरळ केला की मांडीचा पुढचा टणक. टाच जमिनीत रोवून मागे ओढायचा प्रयत्न केला की टोंगळ्याच्या मागे दोन दोऱ्या ताठ लागतात, त्या हॅमस्ट्रिंगच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे दोर. चवड्यांवर उभं राहिलं की पोटरी. शेवटी बैठक मारताना मांडी धरून ठेवायला सांगा: खाली जातानाही पुढचा स्नायू टणक, वर येतानाही. म्हणजे बाटलीचाच न्याय.

तिसरा तास: मैदानावर

हा तास मुलांना द्या. दहा मिनिटं खो-खो, मग खाली बसवून ‘कुठं दुखते?’ एवढंच विचारा. मधल्या पाटीवर उकिडवं बसून खो मिळताच उठणाऱ्याची मांडी आणि कुल्ला, पळणाऱ्याची पोटरी. कबड्डीत पाय धरणाऱ्याची बोटं आणि दंड. नंतर दंड-बैठका. पहिल्या दिवशी १० बैठकांचे दोनच फेरे, त्यावर एकही नाही. उत्साहात पन्नास मारायला लावल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निम्मी पोरं जिन्यावरून आडवी उतरतात. स्नायू लांब होताना ताण देतो तेच जास्त दुखतं, म्हणून बैठकीचं खाली जाणं आणि उतार उतरणं जास्त भोवतं. अजून मोठी न झालेली पोरं रोज बेटकुळी मोजतात. त्यांना सांगून टाका की या वयात ताकद आधी मेंदू आणि नसांच्या सरावाने वाढते, आकार बराच नंतर दिसतो.

खिचडी खाल्ल्यावर दीड तास पळवायचं नाही. मार्चपासून सगळं सकाळच्या शाळेत, नऊच्या आत.

‘आमचं पोरगं सुटीत कापूस वेचते, त्याले आनखी कायची कसरत?’ असं पालक म्हणतात. उत्तर तयार ठेवा. वेचणीत पाठ तासन्‌तास वाकलेली राहते, स्नायू एकाच जागी ताणून आखडतात; धाप लागेल असं त्यात फारसं काही नसतं, म्हणून हृदयाला व्यायाम होत नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं धाप लागेल अशी हालचाल आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू-हाडांना जोर लावणारा व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वेचणी करणाऱ्या मुलाला उलट पाठ मागे वाकवायचे आणि हॅमस्ट्रिंग ताणायचे प्रकार जास्त द्या.

चौथा तास: मोजणी

खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या क्रीडा योजनेतल्या चाचण्या वापरा, नवं काही शोधू नका: ५० मीटर धाव, ६०० मीटर पळणं-चालणं, बसून पुढे वाकणं, ३० सेकंदांत अर्धे पोटउठाव, आणि जोर, मुलींसाठी टोंगळे टेकवून. पूर्ण जोर मारू शकणाऱ्या मुलीला पूर्णच मारू द्या, तिची नोंद वेगळी ठेवा. ३० बाय २० मीटरचं मैदान असेल तर कडेने एक फेरी १०० मीटर, सहा फेऱ्या. पावलांनी मोजू नका, १० मीटरची सुतळी करून ठेवा. पुढे वाकताना टोंगळे उचलले की तो आकडा धरायचा नाही. हॅमस्ट्रिंग आखडलेला मुलगा नेमकी तीच लबाडी करतो.

पळून आल्याबरोबर मनगटावर नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणायची, दोन मिनिटांनी पुन्हा. तेवढ्यात नाडी जितकी जास्त खाली येईल तितकं हृदय तयार. बसल्या जागी या वयात साधारण ७० ते १०० असते.

वजन-उंचीचा आकडा मोठ्याने वाचू नका. मोठ्यांचे बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचे) आकडे मुलांना लागू होत नाहीत. वय आणि मुलगा-मुलगी पाहून वेगळे तक्ते असतात. वर्गात पहिला-दुसराही काढू नका. प्रत्येकाच्या वहीत त्याचेच आकडे, समोर तारीख, आणि आठ आठवड्यांनी त्याच वेळेला, त्याच मैदानावर पुन्हा. सकाळी मोजलेलं दुपारी ताडून पाहिलं तर विदर्भाच्या उन्हात सगळा वर्ग मागे गेलेला दिसतो.