आईच्या टीव्हीवर यूट्यूब, फोटो आणि लग्नाची कॅसेट

पुण्यात सदाशिव पेठेतल्या घरी बाबांचा टीव्ही आहे तो २०१४ चा, ३२ इंची, स्मार्ट-बिर्ट काही नाही, पण चित्र अजून झकास दिसतं. भाऊ म्हणाला नवा घेऊन टाकू. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय तिथंच संपला. पण बघायचं ते सगळं होतं भलतीकडेच, कीर्तनं यूट्यूबवर, भाचीच्या बारशाचे फोटो माझ्या मोबाईलमधे, जुने व्हिडिओ एका हार्डडिस्कवर आणि आई-बाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट कपाटात शालूंच्या खाली. हे सगळं हॉलमधे आणताना मी अट एकच ठेवली, मी घरी नसताना, दुपारी, आईला एकटीला तीन बटणांत लावता आलं पाहिजे. खाली लिहिलंय ते त्या अटीत बसलेलं, आणि न बसलेलंही, कारण त्यातच माझे दोन रविवार गेले.

आधी टीव्हीच्या मागे बॅटरी मारून बघा. एचडीएमआयचं एखादं भोक रिकामं आहे का आणि यूएसबी आहे का, बस. नुसत्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना असतील तरी चालतं, एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर म्हणून डबी मिळते, अक्षरं जरा फिस्कटलेली दिसतात पण गाणीबिणी ऐकायला ठीक. उलटी डबी, म्हणजे एव्ही टू एचडीएमआय, ती वेगळी असते आणि दिसायला सेम टू सेम, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत, जाऊन घेणार असाल तर कुठून कुठे जोडायचंय ते दुकानदाराला स्पष्ट सांगा, नाहीतर माझ्यासारखी तिथे दुसरी चक्कर.

यूट्यूब आणि ओटीटीसाठी सरळ स्टिक घ्या, म्हणजे एचडीएमआयच्या भोकात लावायची कांडी, तिने साधा टीव्हीही स्मार्ट होतो, फायर टीव्ही किंवा गूगल टीव्हीवाली कुठलीही, फार चिकित्सा करू नका. टीव्ही स्मार्ट असला पण सातआठ वर्षं जुना असला तरी मी हेच सांगेन, जुन्या टीव्हीतली अ‍ॅप अपडेट व्हायची थांबतात आणि मग एकेक बंद पडत जातात, स्टिक काय, चारपाच वर्षांनी बदलता येते. स्टिकला करंट मात्र तिच्या अडॅप्टरवरूनच द्या. टीव्हीच्या यूएसबीला लावली की वायर दिसत नाही, छान वाटतं, पण साध्या यूएसबी २ पोर्टला अर्धाच अँपिअर मिळतो, मग स्टिक मधेच रीस्टार्ट होते आणि आपण उगाच इंटरनेटवाल्याला शिव्या घालतो.

एक बारीक काम जरूर करा. टीव्हीच्या सेटिंगमधे सीईसी नावाची सोय चालू करा, सॅमसंगमधे तिला अ‍ॅनिनेट प्लस म्हणतात, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. म्हणजे स्टिकचं होम बटण दाबलं की टीव्ही आपोआप चालू होऊन बरोबर त्या सोर्सवर येतो. आईचं निम्मं भांडण त्या सोर्स बटणाशीच होतं, कारण ते एकदा जास्त दाबलं गेलं की निळा स्क्रीन, की मला फोन, "अगं, टीव्ही गेला वाटतं."

आता वायफाय. जुन्या बांधकामाच्या भिंती म्हणजे दीड-दोन फूट वीट, आणि राउटर ठेवलेला बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं पण भिंत लागली की हबकतं, २.४ हळू पण पोचतं. नेटफ्लिक्सच्याच हिशोबाने फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोरकेला १५ लागतात, म्हणजे १०० चा प्लॅन असूनही गोल गोल फिरत असेल तर प्लॅन वाढवू नका, राउटर हलवा. आमच्याकडे तो दाराच्या चौकटीवरच्या फळीवर गेला आणि प्रश्न मिटला. गुरुवारी (पुण्यात दुरुस्तीसाठी लाईट घालवायचा वार) लाईट गेली असेल तर आल्यावर स्टिक राउटरच्या आधी जागी होते आणि नेटवर्क नाही म्हणून बसते, दोन मिनिटं थांबून तिचा प्लग काढून परत लावा, एवढंच असतं.

मोबाईलवरून टीव्हीवर टाकायचं तर दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची कायम गल्लत करतात. एक कास्ट. यूट्यूबमधे तो चौकोन आणि लाटांचा आयकॉन दिसतो तो. यात मोबाईल फक्त पत्ता सांगतो, व्हिडिओ टीव्ही (आमच्याकडे स्टिक) स्वतः इंटरनेटवरून आणतो, म्हणून मधे फोन आला तरी कीर्तन चालू राहतं. दुसरा मिररिंग, यात मोबाईलच्या स्क्रीनवर जे दिसतं ते सगळं जसंच्या तसं टीव्हीवर जातं, बॅटरी खातं, अडखळतं, आणि कामवाल्या बाईंच्या पगाराचा मेसेज सगळ्या पाहुण्यांना दिसतो (झालंय). शिवाय पैसे भरून बघायच्या ओटीटीचं चित्र मिररिंगमधे बऱ्याचदा काळं होतं आणि नुसता आवाज येतो, तो बिघाड नाही, कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम केलेलं असतं. तर कास्ट जमतंय तिथं कास्टच करा. टीव्ही यादीत दिसतच नसेल तर मोबाईल आणि टीव्ही एकाच वायफायवर आहेत का बघा, गेस्ट नेटवर्कवर असाल तर सहसा दिसणारच नाही.

फोटोंसाठी, स्टिक गूगल टीव्हीवाली असेल तर, गूगल फोटोज कास्ट करणं सोपं, पण ते फोन हातात असलेल्या माणसाला. आईच्या अटीत बसला तो पेनड्राईव्ह. टीव्हीच्या मागे कायमचा लावून ठेवलाय, वर्षावार फोल्डर, आणि ती आपली बाणाचं बटण दाबत बसते. आयफोनवाल्या भावाचे फोटो टीव्ही उघडेना कारण ते हेइक प्रकारचे होते, त्याच्या कॅमेऱ्याच्या फॉरमॅट सेटिंगमधे मोस्ट कम्पॅटिबल करून दिलं, तेव्हापासून नवे फोटो जेपेगमधे येतात. जुने तेवढे कॉम्प्युटरवर बदलून घ्यायला लागले.

हार्डडिस्कने मात्र रडवलं. एक म्हणजे टीव्हीला लावली की टकटक आवाज करून बंद पडायची. दोन पोर्ट असतील तर ज्याच्यावर एचडीडी लिहिलंय त्याच्यात लावा, तिथे जास्त करंट असतो. दुसरं फॉरमॅट. एफएटी३२ जवळपास सगळे टीव्ही वाचतात पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावतच नाही, एक्सफॅट पुष्कळ जुन्या टीव्हींना कळत नाही, आमच्या टीव्हीला एनटीएफएस चाललं. फॉरमॅट बदलताना डिस्क पूर्ण कोरी होते, आधी दुसरीकडे कॉपी, मग फॉरमॅट, हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. आणि तिसरं, चित्र येतं आवाज येत नाही, किंवा आवाज येतो चित्र नाही. एमकेव्ही, एमपी४ ही नुसती डब्यांची नावं, आत भाजी कुठली आहे ते महत्त्वाचं, आवाज डीटीएसमधे असेल तर बरेच टीव्ही गप्प बसतात, चित्र एच २६५ मधलं असेल तर जुना टीव्ही फॉरमॅट सपोर्ट नाही म्हणतो. कॉम्प्युटरवर हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात टाकून एमपी४, एच २६४ आणि एएसी आवाज असं काढून घ्या, हे सहसा कुठेही चालतं. पन्नास फायली बदलायचा कंटाळा असेल तर स्टिकवर व्हीएलसी नावाचं व्हिडिओ लावायचं अ‍ॅप टाका, ते बहुतेक सगळं पचवतं, आणि कॉम्प्युटरवरचं फोल्डर शेअर केलं की वायफायवरूनही वाचतं. विंडोजवर शेअर करताना ते अकाउंटचा पासवर्ड मागतं, रोजचा पिन नाही, इथे मी अर्धा तास घालवला. प्लेक्स, जेलीफिन वगैरे घरगुती सर्व्हरही असतात, छानच असतात, पण त्यासाठी एक कॉम्प्युटर सतत चालू ठेवावा लागतो आणि बाबा जाता-येता बटणं बंद करत फिरतात.

सबटायटल लागत असतील तर एसआरटी फाईलचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवा, आणि मराठी असेल तर यूटीएफ-८ मधे सेव्ह करा. तरी चौकोन दिसले तर टीव्हीत देवनागरी फाँटच नाही समजायचं, व्हीएलसीतून लावा.

आता कॅसेट. आधी झाकण उचलून टेपकडे बघा, पुण्याच्या पावसाळ्यात पांढरी बुरशी धरते. दिसली तर व्हीसीआरमधे अजिबात घालू नका, हेड खराब होतो आणि ती बुरशी पुढच्या कॅसेटला लागते, ती कॅसेट साफ करणाऱ्याकडेच द्या. आमची चांगली निघाली. ओळखीच्यांचा व्हीसीआर आणला, त्याच्या पिना एका यूएसबी कॅप्चर डबीत, डबी लॅपटॉपला. यात फास्ट कॉपी नसते, तीन तासांची टेप म्हणजे तीन तास, आई पूर्ण वेळ शेजारी बसून होती त्यामुळे काही वाटलं नाही. आपल्याकडच्या टेपा पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चित्रं आणि ५७६ ओळी, सॉफ्टवेअरमधे एनटीएससी, म्हणजे अमेरिकेकडची पद्धत, राहिलं तर चित्र काळं-पांढरं किंवा उड्या मारतं. कोणी हात हलवला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात, हँडब्रेकमधे डीइंटरलेस लावलं की जातात. आणि टीव्हीवर चित्र ४:३ लाच ठेवा, पूर्ण स्क्रीनभर ताणलं की अख्खं वऱ्हाड जाडं दिसतं, मावशी रुसली होती.

तीन तासांची एकच फाईल ठेवू नका. लॉसलेसकट नावाच्या सॉफ्टवेअरमधे तुकडे पाडा, क्वालिटी जात नाही. फायलींना पुढे आकडे द्या म्हणजे ओळीने लागतात. ०१ सीमांतपूजन, ०२ मंगलाष्टकं, ०३ पंगत, ०४ पाठवणी असं केलं. आई रोज पंगतच लावते, त्यात आजी वाढताना दिसते, म्हणून ती फाईल आता ०१ केली आहे.