अणू लहान की मोठा? मार्क घालवणाऱ्या या चुका टाळा

सीईटी जवळ आली की नाशिकच्या कॉलेज रोडला क्लास सुटल्यावर पोरं एकमेकांना जे काय समजावत असतात त्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "इलेक्ट्रॉन वाढले की अणू मोठा." सगळ्यात जास्त मार्क हेच खातं. सराफ बाजारातलं सोनं घ्या, इलेक्ट्रॉन ७९, आणि पोटॅशियमकडे फक्त १९, तरी सोन्याच्या अणूची त्रिज्या साधारण १४४ पिकोमीटर आणि पोटॅशियमची २२७! कारण इलेक्ट्रॉनसोबत केंद्रकात प्रोटॉनपण वाढत असतात आणि ते सगळ्यांना आत खेचतात. आवर्तसारणीत आडवं, म्हणजे डावीकडून उजवीकडे गेलात तर कवच (इलेक्ट्रॉनचा थर) तेच, फक्त ओढ वाढते, म्हणून लिथियम १५२, कार्बन ७७, फ्लोरिन ६४. खाली गेलात की नवीन कवच येतं, आतले इलेक्ट्रॉन मधे आडवे येतात, बाहेरच्यापर्यंत ओढ नीट पोचतच नाही, मग अणू फुगतो.

आता हे पाठ करून खूश होऊ नका, कारण पेपर काढणारे गॅलियम विचारतात. तो ॲल्युमिनियमच्या खाली, म्हणजे मोठा असायला हवा ना? पण ॲल्युमिनियम १४३ आणि गॅलियम १३५ च्या आसपास. मधल्या दहा डी-इलेक्ट्रॉनचं (डी कक्षकांतल्या इलेक्ट्रॉनचं) शील्डिंग, म्हणजे मधे येऊन ओढ अडवणं, एकदम कच्चं असतं, त्यामुळे ओढ जास्त लागते. झिर्कोनियम आणि त्याच्या खालच्या हाफ्नियमचं पण तसंच, तिथे एफ-इलेक्ट्रॉन (एफ कक्षकांतले) गोंधळ घालतात आणि दोघांची साईज जवळपास सारखी निघते (माझा लाडका प्रश्न आहे हा, सोडून देऊ नका).

निऑनचा आकडा फ्लोरिनपेक्षा मोठा दिसला तर घाबरू नका, निऑन बंधच करत नाही, त्यामुळे त्याची व्हॅन डर वाल्स त्रिज्या (बंध नसलेल्या शेजारी अणूंमधल्या अंतराची निम्मी) देतात, फ्लोरिनची बंधातल्या अंतरावरून काढतात. ही तुलनाच चुकीची. तसं अणूला पक्की कड नसतेच, मोजायची पद्धत बदलली की आकडा बदलतो, म्हणून दोन पुस्तकांतले आकडे एकत्र करू नका.

आणि आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला किंवा मिळवलेला अणू! सोडियम १८६, पण सोडियम आयन जेमतेम १००, कारण बाहेरचं कवचच गेलं. फ्लोराइड, म्हणजे फ्लोरिनचा आयन, उलट १३६ पर्यंत फुगतो. ऑक्साइड (ऑक्सिजनचा आयन), फ्लोराइड, सोडियम आयन, मॅग्नेशियम आयन असे चार एका ओळीत दिले तर इलेक्ट्रॉन मोजत बसू नका, सगळ्यांचे दहाच आहेत, प्रोटॉन बघा: ८, ९, ११, १२. ज्याचे कमी तो मोठा, म्हणजे ऑक्साइड.